हिरव्या शाईचं पान

(नेब्रास्कातलं एक गाव. ट्रॅक्टर-दुरुस्तीच्या शेडमध्ये एमिल इंजिन उघडून बसलाय. त्याची लेक कॅरिन डॉक्टरकी शिकते. सकाळपासून एकच भुणभुण लावून तिनं बापाचं डोकं खाल्लंय.)

कॅरिन : परीक्षेचं नवं पुस्तक घेऊ की नको, एवढंच सांग ना डॅड.

एमिल : सकाळी नाश्ता करताना तर घ्यायचं ठरलं होतं.

कॅरिन : मग माझ्या वर्गातल्या ब्रायोनीचा फोन आला. म्हणाली, जुनं सोडू नकोस. आणि आमची सीनियर म्हणते, नवी आवृत्ती नसेल तर परीक्षेला बसूच नकोस.

एमिल : दोघी पास?

कॅरिन : पहिल्याच फटक्यात. मीच तेवढी नापास. आणि पाच आठवड्यांनी पुन्हा नापास झाले तर कॉलेज नारळ देणार.

एमिल : ते मला पाठ झालंय.

कॅरिन : जुन्यात वर्षभर समासात लिहिलंय रे. व्हिडिओतलं, वर्गातलं, चुकलेल्या प्रश्नांतलं. शिवण उसवली म्हणून स्पायरल बांधून आणलं. नव्यात पानंच सरकलीत, आणि मला सगळं पानावरूनच आठवतं.

एमिल : मग जुनंच ठेव.

कॅरिन : पण नव्यात उपचार बदललेत. नेमकं तेच विचारलं तर?

एमिल : मग नवं घे.

कॅरिन : तुला विचारून मी आणखी गोंधळले.

एमिल : दे ते जुनं इकडे. हात काळे आहेत, चालेल ना? हां, यातलंच विचारतो. दंडाचं हाड मधोमध मोडलं, मनगट लुळं पडलं. कुठली नस?

कॅरिन : सोपं आहे. डावं पान, खालून तिसरी ओळ, हिरवी शाई. शेजारी कॉफीचा डाग.

एमिल : बरोबर. डाग आहे. नस कुठली?

कॅरिन : थांब... हिरव्यानं लिहिलंय. दोनदा अधोरेखित केलंय.

एमिल : पोरी, नस.

कॅरिन : डॅड, मला भीती वाटतेय.

एमिल : वाटू दे. पुस्तक मिटलं मी. जुनं-नवं उद्या बघू. हा माझा हात धर. मनगट सोडून दिलं बघ, वर येतच नाही. आता कुठं बिघडलं ते शोध. मी इंजिनाला हेच करतो.

कॅरिन : बोटं सरळ कर. नाही होत? अंगठा वर? तोही नाही... इथून हाडाच्या मागून वळसा घालून जाते ती. रेडियल. रेडियल नस, डॅड.

एमिल : कुठल्या पानावर आहे?

कॅरिन : ...आता आठवत नाही.