कमी बोलणाऱ्या माणसाची नोकरी

चमन : तर असं हाय, खाला, तुम्ही मावशीच्या जागी म्हणून सांगतो, मी पडलो गप्प माणूस. दहा शब्द विचारलं तर एक देणार. आमच्या अब्बांचं तसंच. आजोबांचं तर विचारूच नका. आजोबा एकदा नरसोबाच्या वाडीला काकणं विकायला गेलते, नदीला पाणी आलं, होडी न्हाई, तीन दिवस अडकले, तर...

नजीरा : चमन, श्वास घे.

चमन : घेतो. म्हणून मला काकणांचा धंदा सोसंना. बायका येणार, हात पुढं करणार, आन दिवसभर त्यांच्याशी बोलायचं! म्हटलं, महाराजांच्या ह्या शिकारी चित्त्यांच्या चित्तेखान्यात जागा निघालीया, मुक्या जनावरापाशी आपलं जमंल. पापाच्या तिकटीवरचं काकणांचं दुकान धाकट्या भावाला देऊन टाकलं.

नजीरा : नोकरी पक्की व्हायच्या आधी?

चमन : चार माणसांत शब्द दिला. आता कुठल्या तोंडानं परत मागू?

चित्ता : फिस्स!

नजीरा : मागं सर जरा. रानातनं धरून आणल्याला चारच दिवस झालेत. डोळ्यांवर टोपी हाय, पण माणसाचा वास कळतोय त्याला. आता नीट ऐक. मी कडक बाई हाय, दोनदा सांगत न्हाई. चित्तेवान म्हणून आपण एकटा बाप्या ठेवत न्हाई, जोडपं ठेवतो. का? तर नवा चित्ता आला की घरच्या बाईनं त्याच्यापाशी बसून बोलत ऱ्हायचं. सकाळपासनं दिवस मावळंपतोर. भाजीचं बोला, सासूचं बोला. माणसाचा आवाज कानात मुरला की जनावर भ्यायचं थांबतंय. असे सात चित्ते माणसाळवले मी. आता घशाला दिवसभर बोलणं झेपत न्हाई. तेव्हा तुला मागनं बघू, आधी तुझी बायको बघायची.

चमन : मग झालंच की काम! हिच्या तोंडाला कुलूप न्हाई, खाला. अख्ख्या गल्लीला ठावं हाय.

नजीरा : कुणी सांगितलं गल्लीला?

चमन : मीच.

नजीरा : काय गं जुलेखा, लई बोलतीस?

जुलेखा : व्हय.

नजीरा : बस मग हितं. दुपारी चित्तेखान्याचे दरोगासाहेब येतील. तवर ह्या चित्त्यानं भ्यायचं सोडून अंग टाकलं तर नोकरी तुमची. न्हाई टाकलं, तर दुसरं जोडपं उद्या येतंय. हं, बोल.

(जुलेखा चित्त्यापाशी जाऊन बसते.)

चित्ता : फिस्स!

जुलेखा : आज ऊन हाय.

चित्ता : फिस्स!

जुलेखा : काल बी हुतं.

चित्ता : फिस्स! फिस्स!

नजीरा : पुढं?

जुलेखा : झालं.

नजीरा : ह्याला लई बोलणं म्हणतात व्हय तुमच्यात?

जुलेखा : मनात लई बोलते, खाला. दिवसभर चालूच असतंय. मला वाटायचं भाईर बी ऐकू जातंय.

चमन : अगं, आत्ता गं काय झालं तुला? घरी कशी टकळी चालती! परवा मी जेवायला बसलो, खासबागेत कुस्तीचं केवढं मोठं मैदान बांधायला लागलेत ते सांगत हुतो, तर मधीच म्हणाली, 'मीठ पायजे का?' माझं सगळं सांगणं तुटलं, खाला! परत पहिल्यापासनं सांगावं लागलं. दगड कुठनं आणला, मातीत ताक किती, तेल किती, लिंबं किती...

चित्ता : फिस्...

चमन : ...आन ते ऐकून हिनं काय करावं? 'बरं' म्हणाली! आता 'बरं' म्हणायची काय गरज? मान हलवली तर चालत न्हाई? मी बघा, कामापुरतं बोलतो. परवा गाडीवान भेटला, म्हणाला, चमनभाई, कसं काय? मी म्हटलं, ठीक. संपलं. मग त्याचा बैल कसा लंगडतोय, त्यावर काय लावायचं, आमच्या मामाच्या बैलाला काय लावलं हुतं...

चित्ता : ...

चमन : ...तो मामा तर माझ्यापेक्षा गप्प...

नजीरा : चमन, थांब.

चित्ता : फिस्स!

नजीरा : बोल.

चमन : कोण, मी? काय बोलू? मी तर म्हणतोय, ह्या बाईच्या बोलण्यापायी...

चित्ता : ...

नजीरा : या अल्ला! जुलेखा, बघितलंस? पुढचे पाय पसरले की गं त्यानं.

जुलेखा : मगाच बघितलं.

नजीरा : चमन, बाबा, बायकोला ऊठ म्हण आन तू बस तिच्या जागी. बोलणारा तू हायस. तुमच्या घरात ती न्हाई, तू.

चमन : मी?

नजीरा : तू.

चमन : खाला, थट्टा करू नका. मी?

नजीरा : आल्यापासनं तूच बोलतोयस. बस. आता मोठ्यानं, ह्याच्याकडं तोंड करून.

(चमन जुलेखाच्या जागी बसतो, घसा खाकरतो.)

नजीरा : अरे, बोल की.

चमन : ...सलाम आलेकुम, चित्तेसाहेब.

चित्ता : फिस्स!

चमन : आज... ऊन हाय.

चित्ता : फिस्स! फिस्स!

चमन : बघा. जमत न्हाई. मी सांगतच हुतो.

(बाहेर घोड्याच्या टापा थांबतात.)

नजीरा : आले साहेब! मी कडक बाई, मला कुणाची दया येत न्हाई, पण तुमच्यापायी मीच दुवा मागाय लागलेय. चमन, काय तर बोल रं! बैलाचं बोल! मामाचं बोल!

चमन : मामाचं... काय हुतं मामाचं? डोकं रिकामं झालं, खाला. दुकान बी गेलं. आता हिला घेऊन जाऊ कुठं?

जुलेखा : अवो.

चमन : काय?

जुलेखा : खालांचं चुकतंय. तुम्ही गप्पच माणूस. तुम्ही चित्त्याशी नका बोलू. तुम्ही फक्त खालांची समजूत घाला. लग्न झाल्यावर आठ दिस तुम्ही तोंड उघडलं नव्हतं, ते सांगा.

चमन : ते व्हय! ते तर सांगायलाच पायजे! खाला, तुमचा गैरसमज झालाय बघा. ऐका. ही नवी आलती, मी ठरवलं, पहिल्या दिसापासनं आपला स्वभाव कळू दे. एक शब्द बोलायचा न्हाई. मग तिला तेवढंच सांगितलं की मी बोलत न्हाई. का बोलत न्हाई ते बी सांगितलं. मग अब्बा का बोलत न्हाईत, आजोबा का बोलत नव्हते, तो नरसोबाच्या वाडीचा पूर...

चित्ता : ...

चमन : ...होडी न्हाई, काकणांची पेटी डोक्यावर...

चित्ता : घर्र... घर्र...

नजीरा : (हळूच) जुलेखा. मान खाली टेकवली गं. घुरघुरायला लागलं लेकरू.

जुलेखा : साहेबांनी बघितलं?

नजीरा : दारातनंच बघितलं. मला 'चालंल' अशी खूण केली आन फिरले बी. झालं तुमचं काम. आता चमनला सांगू का खरं?

जुलेखा : नका, खाला. कळलं तर परत गप्प बसतील.

नजीरा : बसू दे की संध्याकाळी तरी. तुझ्या कानाला तेवढाच आराम. आठ दिस गप्प म्हणे!

जुलेखा : न्हाई. आठ दिस बोलतच हुते. मी भिंतीला पाठ लावून बसायची, नव्या घरात मी लई भ्याले हुते तवा. त्यांचं ऐकता ऐकता नवव्या दिशी झोप लागली मला.