फलकावरची हर्षला

आजच्या सभेचे अध्यक्ष आणि आपल्या तंत्रनिकेतनाचे विश्वस्त माननीय देवव्रतजी, मुंबईहून वेळ काढून आलेले उद्योग खात्याचे पाहुणे, व्यासपीठावरील गुरुजन, ज्यांच्यासाठी आपण सारे जमलो त्या उमा कर्णिक मॅडम, समोर बसलेले पालक आणि माझ्या विद्यार्थिनींनो,

मॅडमच्या जागी विभागाचं काम आता मी, तेजश्री, पाहणार आहे. म्हणून गौरवाचे चार शब्दही मीच बोलावेत असं ठरलं. पण सकाळीच मॅडमनी बजावलं, "माझी आरती ओवाळू नकोस. हर्षलाचं बोल." त्यांचा शब्द आजवर कुणी मोडलाय?

नव्या मुलींना हर्षला ठाऊक नसेल. ती माझी वर्गमैत्रीण, आम्ही दोघी मॅडमच्याच विद्यार्थिनी. लोधिवलीची, भातशेतीवाल्या घरातली. प्रयोगशाळेत तिचा हात धरणारं कुणी नव्हतं, पण म्हणायची, "मॅडम, इंग्रजी बोलायचं म्हटलं की मला घामच फुटतो." मॅडम तिला तास संपल्यावर थांबवून घेत आणि बोलतं करत.

तेव्हा परदेशी कंपन्या आपल्याकडे जागा पाहत फिरत होत्या. जमीन, पाणी, रस्ता तर कुठंही मिळतो. मग आपल्याकडे दाखवण्यासारखं काय? शिकलेली पोरं! म्हणून पाहुण्यांना कॉलेजात आणलं जाई. असेच एकदा पाहुणे आले, तेव्हा हर्षलानं टाकीतला दाब कसा वाचायचा ते त्यांना समजावून दिलं. एका वयस्कर पाहुण्यानं विचारलं, "आम्ही इथंच का यावं?" ती इंग्रजीत पटकन म्हणाली, "आम्ही इथं आहोत म्हणून." सगळे हसले, तीही हसली, आणि तेवढ्यात कुणीतरी फोटो काढला.

कारखाना आला. हर्षला तिथं लागली. आणि तो फोटो जुन्या हायवेवर, चौक गावाजवळ, भल्यामोठ्या फलकावर चढला. खाली अक्षरं होती, 'सुशिक्षित तरुणाई आपल्या स्वागताला सज्ज'.

पुढचं सांगायलाच हवं. कारखान्यात वायुगळती झाली आणि धोक्याचा भोंगा वाजलाच नाही. तो बिघडलाय, हे हर्षलानं वरिष्ठांना सांगून झालं होतं. ती दाराजवळ होती. एक पाऊल टाकलं असतं तर बाहेर पडली असती. पण आतल्यांना कळणार कसं? ती एकेकाचं नाव घेऊन हाका मारत आत शिरली. माणसं बाहेर आली. ती आली नाही.

त्या माणसांतला पोपट नावाचा कामगार मोहोपाड्यात राहतो. जेवता जेवता अजून मध्येच उठतो आणि दार उघडतो. बायकोनं विचारलं तर म्हणतो, "हाक आली गं."

कंपनी कुलूप लावून निघून गेली. फलक मात्र तसाच राहिला. हर्षलाची आई, जनीमावशी, चौकच्या बाजाराला जाताना टेंपोत फलकाकडे पाठ करून बसायच्या. तो उतरवावा म्हणून मॅडमनी कचेऱ्यांचे उंबरे झिजवले. उत्तर मिळालं, "त्यात वाईट काय आहे? किती छान हसतेय मुलगी!"

मग नव्या कंपनीचे पाहुणे यायचे ठरले. "तशीच एखादी चुणचुणीत मुलगी तयार करा," असा मॅडमना निरोप आला. मॅडमनी मुलगी तयार केली नाही. त्यांनी जनीमावशींना आणून पुढच्या खुर्चीवर बसवलं आणि पाहुण्यांना सांगितलं, "आमच्या मुली हुशार आहेत. येताना तुम्ही फलकावर पाहिलीत, ती सगळ्यांत हुशार. ती कारखान्यातून परत आली नाही. ही तिची आई."

 पाहुणे चहा न घेताच उठले. कंपनी दुसरीकडे गेली. देवव्रतजी, राग मानू नका, पण तुम्ही म्हणाला होतात, "मॅडम, घरचं दुःख असं परक्यांपुढे मांडतात का?" त्याहून जिव्हारी लागलं ते इथंच शिकणाऱ्या भाविकाच्या वडिलांचं, हिरूदादांचं बोलणं. ते पायरीवर बसून राहिले होते. म्हणाले, "बाई, तुमचं खरं हाय. पन आता आमची भाविका जायाची कुटं?"

 त्या दिवसापासून मॅडम मुलींना नोकरीला पाठवण्याआधी स्वतः कारखाना बघायला जाऊ लागल्या. फाटकावर एवढंच म्हणायच्या, "भोंगा वाजवून दाखवा." काहींनी हाकलून लावलं. 'भोंगावाली बाई' असं नाव पडलं. पण काहींनी वाजवलाही. हिरूदादांची भाविका अशाच एका ठिकाणी नोकरीला आहे.

फलक पुढं आपोआप उतरला. कुठं गेला, कुणी विचारलं नाही. पावसाळ्यात जनीमावशींना त्याचा प्लास्टिकचा कागद दिसला, एका गोठ्याच्या छपरावर अंथरलेला. वर दगड, मधोमध पाणी साचलेलं आणि त्या पाण्याखाली हर्षलाचा हसरा चेहरा. मॅडम आणि मी त्यांच्याबरोबर गेलो. गोठेवाल्यानं तो काढून दिला. मला वाटलं, आता त्या जाळून टाकतील. त्यांनी तो घरी नेला, पुसला आणि स्वतःच्या पडवीवर घातला, चेहरा आतल्या बाजूला करून.

मी विचारलं, "मावशी, रोज बघवेल का?"

"नाय बघवत. पन पावसात तिला भायेर कशी ठेवू गं?"



मॅडम, आज तुम्हाला शाल-श्रीफळ देताना एक गोष्ट सांगते. परवा नव्या प्रकल्पाच्या माहितीपत्रकासाठी इथं फोटो काढायला माणसं येणार आहेत. या पुढच्या रांगेतल्या मुली कालच इस्त्रीचे गणवेश घालून माझ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांना नोकरी हवीय. का नको असावी? त्यांतली एक म्हणाली, "मॅडम, फोटोत हसायचं ना?"

मी अजून उत्तर दिलेलं नाही.

आपण शांतपणे ऐकून घेतलंत, जनीमावशी इतक्या लांबून आल्या, आपणा सर्वांची मी ऋणी आहे. आनंदाच्या सोहळ्यात नको ते बोलले असेन, थोरामोठ्यांचा मान राखायला चुकले असेन, तर लेक समजून पोटात घाला.

नमस्कार.