भरती कधी निघती?

कोकणाचं नाव काढलं म्हणून सांगतो. एप्रिलात तिकडच्या किनाऱ्यानं तीन दिवस पायी जायचं आम्ही कळंबच्या चौघांनी ठरवलं होतं. पहिल्या दिवशी वाटेत गाव नाही, सावली नाही. म्हणून मी मित्रांच्या ग्रुपवर टाकलं, "भरती अकराला. त्याआधी वाळूतले दहा किलोमीटर उरकायचे. ऊन लई असंल, पाणी आपापलं आणा."

ग्रुपवर माझा चुलतभाऊ दत्ताही आहे. रोज पहाटे रानातल्या वाटेनं पळतो. दहा मिनिटांत दारात हजर, हातात कागदपत्रांची फाईल.

"दादा, वाळूत दहा किलोमीटर? नियम बदलले का?"

"कसले नियम?"

"पोलीस भरतीचे!"

"आरं, ती भरती न्हाय. समुद्राचं पाणी चढतं, तिला भरती म्हणतेत. तेव्हा चालायला वाळूच उरत न्हाय."

दत्तानं फाईल बगलेत मारली. "मग ही कधी निघती?"

"निघती कसली? रोज दोनदा येती."

त्यानं फाईल पुन्हा हातात घेतली.

"रोज दोनदा," तो म्हणाला. "आन मी तीन वर्षं झालं एकीची वाट बघायलोय."