बाळगोंडा अण्णांचे ‘समजते’

आजच्या निरोप समारंभाचे अध्यक्ष आणि आमचे संपादक शरच्चंद्रराव, व्यासपीठावरील मान्यवर, सत्कारमूर्ती बाळगोंडा अण्णा, सौ. चंदनबालावहिनी आणि वृत्तपत्रावर अजूनही विश्वास ठेवणाऱ्या सभागृहातील सर्व सज्जनहो,

मी क्रांती. अण्णांच्या शेजारच्या टेबलावर नऊ वर्षं बसले. पहिल्याच दिवशी अण्णांनी मला धडा दिला. एकानं सांगितलं तर ‘समजते’, दोघांनी सांगितलं तर ‘कळते’, चहाच्या गाड्यावर ऐकलं तर ‘चर्चा आहे’. हळदीचा भाव असो, पाऊस असो की उमेदवारी, अण्णांची ‘शक्यता’ कुठंही चालायची. एकदा भूकंपानं त्यांच्याच कपातला चहा सांडला. शर्ट पुसत त्यांनी लिहिलं, ‘धक्का जाणवल्याचे सांगण्यात येते.’ आता कोण सांगणार होतं, मला सांगा?

तर एके दिवशी, आदल्या रात्री आलेल्या एका फोनवरून, बातमी छापून आली, ‘कोयनानगरचे माजी सरपंच कोंडीबा यांचे निधन झाल्याचे समजते.’ दुपारी एक ताठ म्हातारे कार्यालयात आले.

“आवं साहेब, मी कवा मेलो?”

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. “तशी माहिती होती,” म्हणाले.

कोंडीबांचं दुखणं वेगळंच होतं. तीन दिवसांवर नात रेश्माचं लग्न. लोणंदच्या वरपक्षानं बातमी वाचून सुतक म्हणून मुहूर्त मोडला होता. अण्णांनी तातडीनं खुलासा छापला, ‘कोंडीबा हयात असल्याचे समजते.’ लोणंदहून फोन आला. “आमचे भटजी म्हणत्यात, असल्या समजण्यावर अक्षता टाकता येत न्हाईत.”

शेवटी अण्णा, कोंडीबा आणि मी एसटीनं लोणंदला गेलो. वरपित्यानं कोंडीबांना कधी पाहिलंच नव्हतं.

“ह्येच कोंडीबा कशावरनं?”

कोंडीबांनी आधार कार्ड काढलं.

“आधार मेल्यावर बी ऱ्हातंय. साहेब, तुमी छापलं, तुमीच सांगा. ह्यो मानूस जित्ता हाय का न्हाई?”

अंगणात पंचवीस माणसं. अण्णांच्या कपाळावर घाम. “माझ्या उपलब्ध माहितीप्रमाणे...” त्यांनी सुरुवात केली. कोंडीबांनी त्यांचा हात घट्ट धरला. “अण्णा, पोरगी दोन दिस जेवली न्हाई वो. एकदा सरळ म्हना.”

अण्णा उभे राहिले. “हे कोंडीबा. हे जिवंत आहेत. चूक माझी आहे.”

मग भटजींनी पंचांग उघडलं आणि म्हणाले, “ठरल्या येळंलाच लावू.” आतून कुणीतरी पोह्यांच्या बश्या आणल्या.

दुसऱ्या दिवशी अण्णांनी स्वतःच्या नावासकट चूक छापली. त्याबद्दल त्यांना मेमो मिळाला. अध्यक्षमहोदय, सही आपलीच होती. पण आज शालही आपणच घातलीत, तेव्हा मी पुढं बोलत नाही.

लग्न लोणंदला थाटात झालं. आम्ही दोघंही गेलो होतो. कोंडीबा बँडपुढं इतके नाचले, की त्यांच्या हयातीबद्दल कुणाला शंका उरली नाही. जेवणं झाल्यावर अण्णांनी त्यांना बाजूला घेतलं. “मग तो निधनाचा फोन कुणाबद्दल होता? गेलं कोण?”

“गेला की. माज्याच नावाचा, खालच्या वस्तीवरला. मेंढरं राखायचा.”

अण्णा सांगलीला, आपल्या कार्यालयात, परतले नाहीत. वाटेत कराडला उतरून थेट कोयनानगरच्या त्या वस्तीवर गेले. त्या घरी तो गेल्यापासून गावाबाहेरचं कुणी आलं नव्हतं. अण्णा ओसरीवर बसले, त्या माणसाबद्दल विचारत राहिले. त्याच्या बायकोनं सांगितलं, मेंढरांना तो नावानं हाका मारायचा. सगळ्या एकशे दहा मेंढरांना.

चार ओळींची बातमी आली. आमच्याकडे एवढ्या लहान माणसाची बातमी येत नाही. अण्णांनी स्वतःच्या सदराचा कोपरा दिला. त्यात पहिलं वाक्य होतं, ‘कोंडीबा गेले.’ ते कात्रण त्या घरात देवाच्या फोटोशेजारी चिकटवलेलं मी पाहिलंय.

आपण सर्वांनी मला शांतपणे ऐकून घेतलंत, मी ऋणी आहे. बोलण्याच्या भरात कुणाचा मान राहून गेला असेल, शब्द कमीजास्त झाला असेल, तर सांभाळून घ्यावं. अण्णा, तुमच्यावाचून आमचं अडणार आहे. हे मी खात्रीनं सांगते.