दहावा शब्द

...अहो, बोट खाली करा आधी! तुम्हाला सांगतो, आम्हा बेने इस्रायल लोकांत माणसं मोजायची नाहीत, नावं घ्यायची. दाविद राजानं मोजली नि मरी आली, सत्तर हजार गेले! कुठल्या पानावर ते विचारू नका, मी चौथी नापास.

लहानपणी ठाण्याच्या मशिदीत... हो, सिनेगॉगला आमचे म्हातारे मशीदच म्हणायचे... हजान, म्हणजे आमचा प्रार्थना चालवणारा, पुस्तकातून वाचायचा, अमक्याचा मुलगा तमका, तमक्याचा ढमका, रुबेनच्या कुळाचे एवढे, शिमोनच्या कुळाचे तेवढे... अरे, ही प्रार्थना की रेशनचं रजिस्टर? मी घोरायचो, हजान कान पिळायचा. 'गाढवा, देव नाव घेऊन हाक मारतो! वाळवंटात त्यानं आपल्या पूर्वजांची दोनदा यादी केली. पहिल्या यादीतले दुसरीत किती उरले? दोन!' म्हटलं, आणि बाकीचे? 'मेले.' छान!

आता सत्त्याहत्तराव्या वर्षी कळतंय. दाराशी फळ्यावर आमची यादी आहे, माझ्याच हातची. अर्धे इस्रायलला, अर्धे कब्रस्तानात. गेला की मी मारतो रेघ. बाकी नंतरची पोरं, जुन्यातले उरले दोन. एक मी. दुसरा कोण? कल्याणचा बिन्यामिन चेऊलकर! सगळे सोडून हाच? अकरा वर्षं आमचं बोलणं नाही. का? तर हा गेलेला इस्रायलला मुलीकडे, मी मारली रेघ. गेलेला कधी परत येतो का हो? हा सहा महिन्यांत हजर! 'तिकडे नारळाचा रस डब्यातला देतात!' आणि फळ्यावर बघतो तर काय... 'दानिएल, जिवंतपणी मारलंस मला?' म्हटलं, पुसतो रेघ. 'राहू दे!' म्हणाला नि गेला.

आणि परवा माझ्या बायकोचा, केशरबाईचा वर्षाचा दिवस. काद्दीश, म्हणजे गेलेल्यासाठीची प्रार्थना, म्हणायचं तर दहा पुरुष हवेत, नवांत होत नाही. गेल्या महिन्यात अजून एक विमानात बसलेला. पण माणसं मोजायची नाहीत, म्हणून आम्ही दहा शब्दांचं हिब्रू वचन म्हणतो, माणशी एक शब्द. देवा, तुझ्या लोकांना तार, त्यांना सांभाळ... हिब्रूत नववा शब्द येतो 'पर्यंत'. पर्यंत! कुठपर्यंत? पुढे माणूसच नाही, वचन आपलं लोंबकळतंय, नि तिकडे केशरबाई थांबलीय...

केला बिन्यामिनला फोन. 'कोण?' मी. 'फळ्यावर बघ, मी मेलोय.' अरे, माझ्यासाठी नको, केशरबाईसाठी ये रे... तर हा म्हणतो, 'तिच्या हातचं चिकाच्या हलव्याचं ताट अजून आठवतं.' तासाभरात रिक्षातून उतरला, फळ्यापाशी गेला, खडू माझ्यापुढे धरला. मी लिहिलं. बिन्यामिन शालोम चेऊलकर. बापाच्या नावासकट, पुस्तकात असतं तसं.

मग तो दहावा उभा राहिला. दहावा शब्द 'सर्वकाळ'. झालं काद्दीश. मला वाटलं, सुटलो. तर हा कानाशी येऊन म्हणतो, 'दानिएल, आता आपल्यातला एक गेला, तर त्याचं काद्दीश?'

माणसं मोजायची नाहीत, नावं घ्यायची! पण मोजली हो मी. नऊ!

आता रोज सकाळी ह्याला फोन. 'बीपीची गोळी घेतलीस?' 'घेतली. तू?' 'घेतली.' 'ठेव.' भांडण आहे तिथंच आहे, पण तुम्हाला सांगतो, दोघांनाही मरायची सोय राहिली नाही!