गादी फक्त सभासदाला

"सोसायटीच्या नियमावर बोलायचं नसतं," हे मी लहानपणापासून ऐकत आलेय. आता हे ऐका. या दुष्काळात टँकरवरून घागरी वाहून वाहून माझ्या आईची कंबर धरली. त्यातच गावच्या विकास सोसायटीनं दुखण्यावर चुंबकलहरींची गादी आणली. तिच्यावर अर्धा तास पडलं की आराम वाटतो म्हणे. मी आईला घेऊन गेले, तर चेअरमन नाना म्हणाले, "शेअर तुज्या बापाच्या नावावर हाय. गादी फक्त सभासदाला."

"अहो, पण कंबर आईची दुखतेय!"

"मंग बापाला धाड. घरात एकाला मिळालं म्हंजी समद्यांना मिळालं."

आणि माझे धडधाकट वडील, अण्णा, खरंच त्या गादीवर जाऊन घोरायला लागले! आई भिंतीला टेकून उभी.

तेवढ्यात टँकरचा हॉर्न वाजला. नाना म्हणाले, "पोरी, आईला म्हनाव दोन घागरी आन. चहा टाकू."

"नाही आणणार," मी म्हणाले. "ती कुठं सभासद आहे? ज्याच्या नावावर शेअर, त्यानं घागर उचलावी."

सोसायटीच्या ओट्यावर बसलेली म्हातारी मंडळी नानांकडे बघायला लागली. अण्णांचं घोरणंसुद्धा थांबलं.