खाणं भरपूर हुतं

आमी म्हैसूरच्या अग्रहारातले, रंगारी घराणं, आजोबांपर्यंत कापडं रंगवायचे, अप्पांनी ते सोडून शिलाईचं दुकान टाकलं, घरात मराठी पण निम्मी कन्नडच, तेवढं सांभाळून घ्या. मी बॉटनी शिकले, लग्न होऊन कॅनडाला गेले आणि तिथं जंगलाच्या एका पाहणीत मला काम मिळालं. काय काम, काय सांगू तुमाला, झाडावरचं दगडफूल मोजायचं. आपण मसाल्यात घालतो त्याच्याच भाऊबंदांतलं, पण तिथलं काळपट, केसांच्या गुंत्यासारखं फांद्यांना लोंबतं, आणि क्यारिबू म्हणून मोठं हरीण असतं ते हिवाळाभर त्याच्यावरच जगतं, बर्फ साचेल तसं त्यावर उभं राहून वरच्या फांद्या ओरबाडतं. तर मूठभर गुंता नमुना म्हणून हातात धरायचा आणि हरणाचं तोंड पोचेल तिथवर तसले किती लोंबतात ते बघायचं, मत्ते, परत दुसरं झाड.

रूथ म्हणून थोराड बाई हुती सोबत, त्याच डोंगरातली. खोऱ्याच्या या बाजूला खाणं किती, एवढंच आमाला विचारलं हुतं. भरपूर हुतं, आमी भरपूर लिहिलं, त्यात खोटं काय न्हवतं. त्यावर वरच्यांनी ठरवलं, इकडं पुरेसं आहे तर समोरचा उतार तोडायला हरकत न्हाई. झाडं तुटली, लाकडाच्या गाड्यांना रस्ते झाले, त्याच रस्त्यांनी लांडगे वर आले. हरणांचा कळप आधीच लहान. पुढच्या हिवाळ्यात एकच मादी उरली.

दुसऱ्या कळपाकडं न्यायच्या आधी तिला कुंपणात ठेवली. विकतचं खाणं ती हुंगेना, म्हणून रूथ आणि मी फांद्यांवरचं ओरबाडून पोती भरून नेत हुतो. पाप, बिचारी, खायची आणि मधेच मान वर करून डोंगराकडं बघत सुम्ने, नुसतीच उभी राहायची. रूथ मला म्हणाली, खातीय गं, पण वाट बघतीय. मला तिथंच रडू आलं. मग गाडीत घालून तिला नेली, नव्या कळपात ती मिसळली न्हाई, बर्फ वितळेपर्यंतही जगली न्हाई, असं नंतर कळालं.

त्या जंगलात मी परत एकदाच गेले. दगडफूल लोंबतच हुतं, अजून दाट, पार खालच्या फांद्यांनासुद्धा. तोंड लावणारं कोण न्हाई.

आता अव्वाला, आईला, कोण बघणार, म्हणून मी म्हैसूरला परत आले. तिला काल काय झालं ते आठवत न्हाई, पण फोनवर सांगितलेलं ते हरीण आठवतं. दिवा लावला की विचारते, तिला खायला मिळालं का गं. मी म्हणते, मिळालं अव्वा, पोटभर. मग ती हात जोडते, बरं झालं, सुखात राहू दे म्हणते, आणि मी हूं म्हणून तिचा भात कालवायला घेते.